खवीस का पळतात?

चौदा खवीस होते. चौदाही धडधाकट. प्रत्येकाच्या हातात कोयता. समोर फक्त तीन माणसं, त्यातला एक म्हातारा मांत्रिक, दुसऱ्याचा बाणांचा भाता रिकामा, आणि तिसरी कोयना. लढाई सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. एकाही खविसाला ओरखडा उठला नव्हता.

आणि पेटीच्या पडद्यावर अक्षरं आली: खवीस माघार घेतात. चौदापैकी चौदा.

"माघार कुठे घेतात?" अफान म्हणाला. "मागे कडा आहे ना, भावा? उड्या मारल्या काय सगळ्यांनी?"

शौनकने कपाळावर हात मारला. तीनला बसल्यापासून हे तिसऱ्यांदा होत होतं.

मिरजेत अफानच्या घरचा सतारी आणि तंबोऱ्यांचा कारखाना आहे. त्याच्या वरच्या खोलीत वाळायला टांगलेल्या भोपळ्यांखाली हे चौघं आठ वर्षं दर रविवारी दुपारी तीनला बसत होते. खेळ साधा. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, चौथ्याने बाकीचं सगळं जग चालवायचं, म्हणजे राजे, वाटसरू, पाऊसपाणी आणि शत्रू. काय घडेल ते बोलून ठरवायचं, बोलून सुटलं नाही तर फासे टाकायचे. जग चालवायचं काम शौनकचं. शत्रू म्हणून पटावर मोडक्या खुंट्या उभ्या असायच्या, कारखान्यात त्यांना तोटा नव्हता. पात्राला जेवढे प्राण तेवढे त्याच्या कागदावर लिहायचे, वार बसला की खोडायचे, शून्य झालं की पात्र मेलं. कायमचं. नवीन कागद घ्या, नवीन माणूस बनवा.

अफान सहा वेळा मेला होता. मोघे सर, म्हणजे रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, वय सदुसष्ट, ते चार वेळा मेले होते, आणि प्रत्येक वेळी नवीन नावाने पुन्हा मांत्रिकच झाले होते. गार्गीची कोयना आठ वर्षं जिवंत होती. तिच्या कागदाला मागून तीनदा चिकटपट्टी लावलेली होती.

ही पेटी आली तीही कोयनापायीच. या खेळाच्या पुण्यातल्या मेळाव्यात त्या वर्षी सात वर्षांहून जास्त जगलेल्या पात्रांची वेगळी स्पर्धा होती. अट एकच: शेवटच्या दहा बैठकींत शत्रूंनी कधी पळायचं हे माणसाने ठरवायचं नाही. माणूस मऊ पडतो. मशीनने ठरवायचं, आणि ते मशीन तुमच्याच टेबलाच्या जुन्या नोंदींवर शिकलेलं हवं. शौनककडे नोंदी होत्या. आठ वर्षांच्या, तीनशे अकरा लढायांच्या, जसं बोलतो तसं टाइप केलेल्या. सगळ्या त्याने पेटीला चारल्या. बैठकीत ती खोलीतलं सगळं ऐकत असायची.

"चहा," अफानची अम्मी जिन्यावरून म्हणाली आणि ट्रे घेऊन आत आली. "आजपण भांडणं?"

"अम्मी, तू यायच्या आधीच खवीस पळाले," अफान म्हणाला. "कपांचा आवाज ऐकून."

सगळे हसले. मोघे सर मात्र पेटीकडे बघत राहिले. "अरे, कारणाचं बटण दाब की."

आता हे बटण असतं, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण तेव्हा कायदा नवीन होता. निर्णय घेणाऱ्या प्रत्येक यंत्राला, कोणीही विचारलं की, साध्या भाषेत कारण सांगणं बंधनकारक झालं होतं. आधीची यंत्रं नुसतं उत्तर द्यायची. का, ते त्यांच्या बनवणाऱ्यालाही धड माहीत नसायचं. मग कोणीतरी उलटी युक्ती काढली. सरांनी ती शाळेतल्यासारखी समजावून सांगितली होती: "घरातला कुठला फ्यूज कुठल्या पंख्याचा, हे कळत नसेल तर काय करतो आपण? एकेक काढून बघतो. हेही तसंच. यंत्र स्वतःलाच विचारतं, ही एक गोष्ट पुसली तर माझं उत्तर बदलेल का? लाखो वेळा, एकेक गोष्ट पुसून. जिच्यावाचून उत्तर बदललं, ते कारण."

शौनकने बटण दाबलं.

कारण: जिन्यावर पावलं. चहा येत आहे.

अफान खुर्चीवरून पडायचाच राहिला. "आठ वर्षं! आठ वर्षं हा चहा आला की लढाई गुंडाळतोय!"

"मी नाही गुंडाळत," शौनक म्हणाला. "माझा तक्ता आहे." भिंतीवर तक्ता चिकटवलेला होता, त्याने स्वतः बनवलेला. शत्रूंचा नाईक पडला की एकदा धीर तपासायचा, निम्मे पडले की पुन्हा. दोन फासे टाकायचे, बेरीज शत्रूच्या धीरापेक्षा जास्त आली तर तो पळणार. खविसाचा धीर आठ. त्या तक्त्यासाठी शौनकने मेंढ्यांच्या कळपांवरची व्याख्यानं ऐकली होती, मोर्चात चेंगराचेंगरी कशी होते ते वाचलं होतं. भीती एकातून दुसऱ्यात कशी जाते, पहिला पळाला की दुसऱ्याला पळायला निम्मीच भीती कशी पुरते, हे तो कोणालाही अर्धा तास सांगू शकायचा. सांगायचाही.

"नुसतं आजचं नको," गार्गी म्हणाली. ती हसून हसून डोळे पुसत होती. "सगळ्या तीनशे अकरांचं विचार. किती टक्के चहा ते कळू दे एकदा."

शौनकने विचारलं. पेटीने तीन सेकंद घेतले.

शत्रूंच्या माघारीची कारणं, शंभरात: कोयनाचे प्राण सहाच्या खाली, एकाहत्तर. चहा, अठरा. मोघे सरांची सातची बस, सात. तक्ता, चार.

खाली कोणीतरी तार लावत होतं, तिचा एकच सूर वर येत होता.

"पुन्हा वाच," गार्गी म्हणाली.

"पेटी नवीन आहे," शौनक म्हणाला. "अजून नीट शिकलेली—"

"शौनक. पुन्हा वाच."

त्याने वाचलं नाही. तिने स्वतः वाकून वाचलं. मग कोयनाचा कागद घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी सॅकमध्ये घातली. सावकाश. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मला लोक विचारतात," ती म्हणाली, "एवढी वर्षं कशी टिकवलीस. मी सांगते त्यांना. डावपेच सांगते! परवा त्या पुण्याच्या मुलीला पाऊण तास सांगत होते मी, खिंडीत उभं कसं राहायचं. पाऊण तास!"

आणि ती गेली. कप तसाच.

शौनकचा आठवडा वैतागात गेला. तो सोलर पंप दुरुस्त करायचा. कुठे शिकला नव्हता, उघडून उघडून शिकला होता. त्यामुळे त्याला वाटलं, पेटीही उघडून दुरुस्त होईल. सोमवारी त्याने नोंदींतून चहा पुसला, सगळ्या ओळी. पेटी पुन्हा शिकवली. कोयनाचे एकाहत्तर होते, ते शहाऐंशी झाले. मंगळवारी सरांची बस पुसली. त्र्याण्णव. बुधवारी दुपारी पंपाच्या खड्ड्यात उभं राहून, चिखलाच्या हाताने, त्याने फोनवर स्वतःच्याच नोंदी वाचायला सुरुवात केली. 'कोयना ४ वर. खवीस एकमेकांकडे बघतात, मागे सरतात.' 'कोयना २. अचानक धुकं. लुटारू निघून जातात.' 'कोयना ५. राक्षसाला आठवतं की घरी काम आहे.'

राक्षसाला घरी काम आहे! हे त्याने लिहिलं होतं, आणि लिहिताना त्याला ते पटलंही होतं.

तो एकटाच नव्हता, हाच काय तो दिलासा. गावोगाव लोक तेव्हा हे बटण दाबत होते आणि पस्तावत होते. सांगलीत एका सोसायटीने पाणी सोडायचं यंत्र चेअरमनच्या जुन्या वेळापत्रकावर शिकवलं, तर कारण आलं: मेहुणीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. एका वधूवर मंडळाचं यंत्र म्हणालं: ज्या आईने आधी फोन केला तिची मुलगी. चेअरमन म्हणाले, मी असं कधी केलं नाही. मंडळाच्या बाई रडल्या. दोघंही खोटं बोलत नव्हते.

गुरुवारी तो कारखान्यात गेला. अफान भोपळ्यावर कानस मारत बसला होता.

"तुला माहीत होतं?" शौनकने विचारलं.

"काय?"

"कोयनाचं."

अफानने कानस खाली ठेवली. "भावा, मी सहा वेळा मेलो. सहाही वेळा खवीस माझ्या छातीवर उभे राहून मारत होते. एकदाही कुणाला घरी काम निघालं नाही. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुला ती आवडते. असल्या गोष्टी कोण बोलतं तोंडावर?"

"तसं काही नाहीये रे!"

"मग?" अफान आता खरंच वैतागला. "मग मी का मेलो सहा वेळा? कशासाठी?"

शौनकने तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणाले, मलाही माहीत होतं, आणि माझे चार मांत्रिक गेले त्याचं मला फार वाईट वाटलेलं नाही, पण तिसऱ्याचं वाटलं. मग म्हणाले, "हे बघ, पेटी तुझी सवय सांगते. कशाबरोबर काय घडलं, एवढंच तिला दिसतं. सवय का लागली ते तिला माहीत नाही. ते तुला शोधावं लागेल."

का लागली, ते शौनकला माहीत होतं. पहिल्या वर्षी, तिसऱ्याच बैठकीत, गार्गीचं पहिलं पात्र मेलं होतं. एका खविसाने मारलं होतं, सरळ फाशावर. त्यानंतर गार्गी पाच आठवडे आली नाही. चौथ्या आठवड्यात सर म्हणाले होते, दोघांत काय मजा नाही, थांबू या. टेबल मोडायच्या बेतात आलं होतं. मग ती आली, कोयना घेऊन. आणि कोयना पहिल्यांदा सहाच्या खाली गेली तेव्हा शौनकला तिच्यावाचूनचे ते पाच रविवार आठवले, आणि पुढं आठ वर्षं आठवत राहिले. असं मुळात ठरवलेलं नव्हतंच. नुसते खवीस मागे सरले.

शुक्रवारी तो तासगावला गेला. गार्गी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होती. बाहेर चाळीस डिग्री, आत चार. जाड जॅकेट घालून ती खोक्यांवरचे नंबर तपासत होती. शौनक टी-शर्टवर होता.

"मी पुण्याचा फॉर्म मागे घेतला," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

"मला माफी मागायची होती."

"माग."

"सॉरी. मला वाटलं होतं, पुन्हा मेलीस तर तू यायचं बंद करशील. पहिल्यांदा मेलीस तेव्हा पाच आठवडे आली नव्हतीस ना. टेबल मोडलं असतं. म्हणून मग..."

गार्गीचा पेन थांबला. "कधी आले नव्हते मी?"

"पहिल्या वर्षी. फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत." ती वळली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. "अरे माठ्या, फेब्रुवारीत माझे आजोबा आयसीयूत होते! महिनाभर! मी सिव्हिलच्या बाकड्यावर झोपत होते, आणि तुला वाटलं मी एका मोडक्या खुंटीने मारलं म्हणून रुसून बसले?"

शौनकचे दात वाजत होते. थोडे थंडीने.

"तू सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला.

"तू विचारलंस? एक फोन? गार्गी, का येत नाहीस? पाच शब्दपण नाही होत. ते नाही केलंस. आठ वर्षं खवीस पळवलेस!"

"पात्र मेलं, तू आली नाहीस. मला वाटलं..."

"चहा आला, खवीस पळाले," गार्गी म्हणाली. "तुझ्यात आणि त्या पेटीत काय फरक आहे मग? तिला निदान बटण तरी आहे."

एक हमाल खोकं घेऊन गेला. दोघं बाजूला सरले. गार्गीने अंगावरचं जॅकेट काढायला घेतलं, मग विचार बदलला आणि पुन्हा चेन लावली.

"रविवारी येते मी," ती म्हणाली. "पेटी नको. तुझा तक्ता. फासे पटाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. आणि कोयना सहाच्या खाली गेली आणि कोणाला घरी काम निघालं, तर मी परत तोंड दाखवणार नाही. हे कारण आत्ताच सांगून ठेवते, नंतर शोधत बसू नकोस."

रविवारी तीनला सगळे हजर. सरांनी सातची बस सोडून देणार असल्याचं आल्याआल्याच जाहीर केलं. पेटी कोपऱ्यात, वायर काढलेली.

दोरांचा पूल होता. पलीकडे खविसांचा नाईक आणि सहा खवीस. अफान आणि सर पूल ओलांडून अलीकडे परत आले होते. कोयना मधोमध. तिने तिघांना पाडलं, मग नाईकालाही. नाईक पडला आणि निम्मेही पडले, म्हणजे धीर दोनदा तपासायचा. शौनकने दोन्ही फासे पटाच्या मध्यावर टाकले. चार आणि तीन, सात. पुन्हा टाकले. तीन आणि दोन. पाच. धीर आठ.

"नाही पळत," तो म्हणाला.

उरलेले तीन खवीस पुढे आले. दोन वार बसले. गार्गीने कागदावर खोडलं. "चार."

शौनकचं तोंड उघडलं. खरंच उघडलं, सवयीने. ते एकमेकांकडे बघतात, एवढं वाक्य जिभेवर तयार होतं. अफानने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड मिटलं. जिन्यावर पावलं वाजली. चहा आला. अम्मीने ट्रे ठेवला. खवीस जागचे हलले नाहीत.

"पळ ग," मोघे सर म्हणाले. "उभी राहू नकोस. मूर्खपणा आहे."

गार्गी थबकली. आठ वर्षांत हा प्रश्न तिच्यापुढे कधी आलाच नव्हता. "आपल्याला पळता येतं?"

"येतं," शौनक म्हणाला. "पण पाठ फिरवलीस की समोरच्याला एक वार फुकट."

"हे कुठे लिहिलंय?"

"तक्त्यात. सगळ्यात खाली."

अफान उठला, भिंतीजवळ गेला, वाकून वाचलं. "आयला. मला कोणी सांगितलं असतं तर मी सहा वेळा पळालो असतो."

गार्गी चहाचा कप हातात धरून बसली. प्यायली नाही. पूल लांब होता, खवीस तीन, प्राण चार. उभी राहिली तर तीन वार. पळाली तर एक. कोणालाही कळेल असा हिशोब होता.

"पळते," ती म्हणाली. आणि तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलेलं दिसलं.

शौनकने वीस बाजूंचा फासा टाकला. तो पटावर घरंगळला, भोपळ्याच्या एका सालपटाला टेकला आणि थांबला. सतरा.

"बसला," शौनक म्हणाला. इजेचा फासा टाकला. "सहा."

"धरायचा नाही!" गार्गी ओरडली. "सालपटाला टेकलाय तो! कलंडलाय!"

"सपाट आहे."

"डोळे तपास. सर, तुम्ही बघा."

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "मला कलल्यासारखा... नाही. सपाट आहे."

"आणि पुलावर वारा आहे! तूच म्हणालास, सोसाट्याचा. वाऱ्यात नेम चुकतो!"

"बाणांचा. हा कोयता आहे."

"चामड्याचं चिलखत आहे माझ्याकडे."

"पाठीला नाही. तूच हलकं हवं म्हणून अर्धं घेतलंस. चार वर्षांपूर्वी. लिहिलंय."

"अरे पण पाठीत? आठ वर्षांनी कोयना पळताना पाठीत वार खाऊन मरणार? असं कोण मरतं?"

"मी," अफान म्हणाला. "दुसऱ्यांदा. चिंचेच्या झाडाखाली. कोणी विचारलं नव्हतं."

वीस मिनिटं भांडण चाललं. गार्गीने पुलाची लांबी मोजायला लावली, खवीस डावखुरा आहे का विचारलं, तक्ता भिंतीवरून काढून टेबलावर आपटला. शौनकचे कान तापले, आवाज चढला, एकदा तर त्यानेही टेबलावर हात आपटला आणि दोन खुंट्या आडव्या झाल्या. प्रत्येक वेळी शेवटी तो एकच शब्द म्हणत होता.

"मेली."

मग गार्गीने पेन घेतला. चाराचा आकडा खोडला आणि शून्य लिहिलं, नीट, गोल. चिकटपट्टीचा कागद तिने कितीतरी वेळ समोर धरला.

"सगळ्यात वाईट काय सांगू?" ती म्हणाली. "मला पुलावर खरंच भीती वाटली. आठ वर्षांत पहिल्यांदा."

सरांनी गार झालेला चहा तिच्याकडे सरकवला, तो तिने एका घोटात संपवला. कागद पिशवीत घातला, पिशवी सॅकमध्ये. उठली. चप्पल घातली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेली.

शौनकला पुन्हा तेच पाच रविवार आठवले. आठ वर्षांपूर्वीचे. तो खुर्चीतून उठला, खुर्ची मागे पडली.

"गार्गी, पुढच्या रविवारी येणार आहेस का?"

ती वळली. रागावलेलीच होती.

"नाही," ती म्हणाली. "आत्येबहिणीचं लग्न आहे जतला. त्याच्या पुढच्या रविवारी येईन. तोवर तो फुकट वाराचा नियम बदल, एकदम बंडल नियम आहे तो."

"नाही बदलणार."

"बघू," गार्गी म्हणाली आणि खाली उतरली.